तुम्ही विचारलंत म्हणून: खाशे पन्नास वर्षं निवडून कसे आले?

मी मूळचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, हे कळलं की पुण्यातले राजकारणात रस असलेले मित्र हमखास एकच प्रश्न विचारतात. गोव्याचे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे, म्हणजे आमचे खाशे, सलग पन्नास वर्षं विधानसभेत राहिले, एकदाही पडले नाहीत, हे कसं काय? लोक घाबरून मत देत होते का, की राजा म्हणून पाया पडत होते? दरवेळी मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून मोकळा होतो आणि घरी आल्यावर वाटतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी घराणं. साखळीचे राणे म्हणजे पोर्तुगीजांच्या नाकी नऊ आणणारे लोक. दीपाजी राण्यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची काही वर्षं सरकारला झोप लागू दिली नाही, १८९५ ला दादा राण्यांचं बंड झालं. शाळेत आम्ही हे सगळं छाती फुगवून शिकलो. पण हेच राणे सत्तरीचे मोकासदारही होते. म्हणजे डोंगर, काजू, भातशेती कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. ती बंडं परक्या सत्तेविरुद्ध होती तशीच आपले हक्क राखायलाही होती, आणि या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हे मान्य केल्याशिवाय सत्तरीचं राजकारण कळतच नाही असं माझं ठाम मत आहे.

प्रतापसिंह १९७२ ला पहिल्यांदा निवडून आले ते भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षातून. जरा विचार करा, मगो म्हणजे बहुजनांचा, कुळा-मुंडकारांचा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) पक्ष, भाटकारशाहीविरुद्ध, म्हणजे जमीनदारीविरुद्ध उभा राहिलेला, आणि त्यात तिकीट कोणाला तर मोकासदार घराण्यातल्या, अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणाला! भाऊंनी पहिल्याच टर्मला मंत्रीही केलं. आजो सांगायचा की तेव्हा गावात कोणाला त्यात विसंगती वाटलीच नाही, उलट लोकांना वाटलं की खाशे (आमच्याकडे राण्यांना खाशेच म्हणतात, आजही) आता आपल्या बाजूला आले.

नंतर ते काँग्रेसमध्ये गेले आणि जानेवारी १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले ते मार्च १९९० पर्यंत, सलग दहा वर्षं. गोव्यातलं नव्वदचं दशक ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल दहा वर्षं म्हणजे काय, कारण त्यानंतर मुख्यमंत्री इतक्या वेळा बदलले की सकाळी पेपर उघडेपर्यंत नाव नक्की सांगता यायचं नाही. या दहा वर्षांत १९८३ ला कॉमनवेल्थ देशांचे प्रमुख आग्वादला येऊन राहिले, १९८५ ला गोवा विद्यापीठ सुरू झालं, १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजीला जायला फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायची वेळ आली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी भाषेचा वणवा पेटला.

यावर जरा थांबतो कारण आमच्या घरात हा विषय अजून दुखतो. कोकणी की मराठी यावरून डिसेंबर १९८६ मध्ये गोवा पेटला, सात माणसं गेली. राणे मराठीच्या वातावरणातले, मतदारसंघ मराठीवाला, आणि त्यांच्याच सरकारनं ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा आणला, देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीचा वापर सर्व किंवा कुठल्याही सरकारी कामासाठी करता येईल अशी तरतूद. कोकणीवाल्यांना वाटलं मराठीला मागच्या दारानं आत घेतलं, मराठीवाल्यांना वाटलं खाशांनी दगा दिला. आजो मराठीवाला, तो आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. पण ३० मेला गोवा घटकराज्य झालं, देशातलं २५ वं. मला आज वाटतं तो कायदा दोघांनाही न आवडणारा होता म्हणूनच टिकला, आणि त्या परिस्थितीत याहून शहाणपणाचं काही करता आलं असतं असं मला तरी वाटत नाही. आजोनं पुढच्या निवडणुकीत मत त्यांनाच दिलं.

का दिलं? इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आजोबरोबर मी लहानपणी एकदा साखळीला त्यांच्या घरी गेलो होतो. काम साधं, घराला वीज जोडणी हवी होती आणि जागेचा कागद नव्हता. सोप्यावर वीस-पंचवीस माणसं बसलेली, बायका कडेवर पोरं घेऊन, कोणाच्या पिशवीत फणस, कोणाच्या हातात अर्ज. आजोनं पायऱ्यांखाली चपला काढल्या, तिथे तशी काही सक्ती नव्हती, बाकीच्यांनी घातलेल्या होत्या, पण त्यानं काढल्या. आत गेल्यावर खाशांनी त्याच्या गावाचं नाव घेतलं आणि वडिलांचं नाव विचारून खात्री केली. पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली. परत येताना आजो खूश होता, मीही खूश होतो, आणि घरात दिवा लागला.

मोठा झाल्यावर मला उमगलं की कागद असता तर आजोला साखळीला जावंच लागलं नसतं. बाकी गोव्यात कूळ कायद्यानं, मुंडकार कायद्यानं कितीतरी लोक जमिनीचे, घराचे मालक झाले. सत्तरीत मोकासा, आल्वारा, आफ्रामेंत अशा (पोर्तुगीज काळापासूनच्या जमीनधारणेच्या प्रकारांतल्या) जमिनींचं घोंगडं भिजतच राहिलं. ज्याच्याकडे कागद नाही त्याला वीज, नळ, कर्ज, सगळ्यासाठी कोणाची तरी चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी देणारा माणूस सभ्य असेल, नावानं ओळखत असेल, आवाज चढवत नसेल, तर त्याला मत का नाही देणार? म्हणजे भीती नव्हती. भक्तीही पूर्ण नव्हती. गरज होती, आणि त्या गरजेला माणुसकीनं वागवलं गेलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पंधरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्रिपद ज्या माणसाकडे होतं त्यानं ती गरजच संपवायला हवी होती, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. माझा त्यांच्यावर राग असेल तर एवढाच.

बाकीची कारकीर्द तुम्हाला माहीत असेल. १९९४ ते ९८ परत मुख्यमंत्री, त्यात केरीच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात १९९५ ला पोलीस गोळीबारात एक तरुण गेला, तो डाग आहेच. २००५ ला आधी महिनाभर, मग राष्ट्रपती राजवट, मग जूनपासून पुन्हा दोन वर्षं. सभापती झाले, विरोधी पक्षनेते झाले. एकूण ११ निवडणुका, सगळ्या जिंकल्या. २०२२ ला काँग्रेसनं पर्येतून उमेदवारी जाहीर केली होती पण ते उभे राहिले नाहीत, भाजपतर्फे सूनबाई डॉ. दिव्या राणे उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मुलगा विश्वजीत वाळपईतून, तोही भाजपचा.

पण मला २०२२ पेक्षा त्याच्या आदल्या वर्षीचा जानेवारी जास्त आठवतो. आमच्या सत्तरीतल्या शेळ-मेळावलीला आयआयटी येणार होती, गावातले लोक, त्यातही बायका, पोलिसांसमोर आडव्या झाल्या कारण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर त्यांची नव्हतीच. शेवटी सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्या दिवसांत मी गावी होतो. आत्या मला मागच्या डोंगरावर घेऊन गेली, तिच्या सासऱ्यानं लावलेली काजूची झाडं दाखवली, एकेका झाडाला हात लावून कुठलं कधी लावलं ते सांगत होती, आणि मग म्हणाली, "झाडां आमची, जमीन कोणाची ता माका कोणी अजून सांगूक नाय." घरी येऊन तिनं ट्रंकेतून आजोच्या जुन्या पावत्या काढल्या, पोर्तुगीज भाषेतल्या, घडीवर फाटलेल्या, आणि वाचून दाखव म्हणाली. मला पोर्तुगीज येत नाही. आकडे तेवढे वाचले.