काकांचा बेसूर तानपुरा

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं टेबल आहे. जुलैतल्या एका पावसाळी दुपारी बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका छत्रीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून आले. डब्यात त्यांनी घरी बांधलेला डॅक होता, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या गाण्याच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र. चिप फिलिप्सची जुनी टीडीए 1541ए, 16 बिटची.

"आवाज छान आहे रे, पण तानपुरा बेसूर लागतो. तेसुद्धा काहीच रेकॉर्डिंगमध्ये."

मी मनात हसलो. डॅक एखादा सूर तेवढा कसा बिघडवेल? काकांनी तीन वेळा ऑपॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपा, बदलले होते, दर वेळी आधीपेक्षा महाग. हा रोग आमच्या धंद्यात सगळ्यांनाच होतो, मलाही झालाय.

इनपुटची केबल काढली, हेडफोन लावला. बारीक घुर्रघुर्र होतीच. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता, तो सुटला. स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, टोकदार लाटा दिसल्या, दर 10 मिलिसेकंदांनी एक. 100 हर्ट्झ.

"काका, बेसूर लागतं त्या गाण्यांची पट्टी कोणती?"

"पांढरी पाच."

तिथे मात्र मी प्रोब खाली ठेवला. पांढरी पाचचा सा साधारण 196 हर्ट्झ. घुर्रघुर्रीतला 100 च्या दुपटीचा सूर 200. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे येणारच. इतर पट्ट्यांमध्ये ते जाणवत नव्हते. मी स्कोप लावून जे शोधलं, ते म्हाताऱ्याच्या कानाने आधीच पकडलं होतं.

आता वायरिंग. डायोडनंतरचा मोठा कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरतो आणि दर वेळी क्षणभर ॲम्पिअरभर करंट ओढतो. काकांनी तो करंट ज्या ग्राउंडच्या तारेतून परत नेला होता, तिच्याच एका टोकाला चिपची पाचवी, म्हणजे ग्राउंडची, पिन होती आणि दुसऱ्या टोकाला आउटपुटचं सॉकेट. तार जेमतेम चार बोटं, रेझिस्टन्स तीन मिलिओहम धरा. झाले तीन मिलिव्होल्ट, थेट गाण्यात. किरकोळ वाटतं ना? दोन व्होल्ट आउटपुटच्या 16 बिट डॅकची एक पायरी 86 मायक्रोव्होल्टची असते. म्हणजे पस्तीसेक पायऱ्या या कचऱ्याखाली गाडल्या होत्या. तिथे महाग ऑपॲम्प काय करणार?

शिवाय या चिपच्या 28 पैकी 14 पिना नुसत्या डिकपलिंगच्या, म्हणजे आतली खरखर कपॅसिटरमार्गे ग्राउंडला सोडायच्या. प्रत्येकीला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तेही सगळे त्याच तारेवर लटकत होते.

मग बसलो. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठा कपॅसिटर यांचा फेरा आपल्यातच बंद केला आणि पुढची ग्राउंड फक्त कपॅसिटरच्या पायापासून उचलली. चिपखाली तांब्याची पट्टी घालून ते 14 कपॅसिटर थेट पाचव्या पिनेजवळ आणले. सॉकेटची ग्राउंडही तिथेच. बोर्ड काकांच्या हातचा, व्हेरोबोर्ड, म्हणजे तांब्याच्या तयार पट्ट्यांचा भोकाभोकांचा बोर्ड. त्यामुळे सोल्डर काढताना दोन ट्रॅक उखडले, तिथे जंपर, म्हणजे जोडतारा, मारले. साडेतीन तास गेले. महाग ऑपॲम्प काढून त्यांचा पहिला, साधा ऑपॲम्प एनई 5532 परत बसवला. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

स्कोपवरची रेषा सपाट झाली. काकांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाळाला आठी पडली. माझ्या पोटात गोळा.

"अजून घुर्र येतंय?"

त्यांनी डोळे न उघडता वर बोट केलं.

"तुझा पंखा बंद कर जरा."