गेंडामाळावरचा तास

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या मुलांना घेऊन शहरातील स्मारके पाहायला निघाले, तेव्हा प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता आखून घेतला होता. स्मारक कोणाचे, कशासाठी उभारले, आणि शेवटचा रकाना, ‘घटना इथेच घडली का?’ हा रकाना मी केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून घातला होता. पुढे सगळा दिवस त्यानेच व्यापला.

सुरुवात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपासून केली. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्याला पाहता यावी म्हणून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळात बांधलेली ही वास्तू आज १८५७ च्या वीरांचे स्मारक आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांमुळे सगळ्या साताऱ्याला ती ठाऊक आहे. मुलांनी शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले. तिथल्या कठड्याशी बसून मी त्यांना रंगो बापूजी गुप्ते यांची हकीकत सांगितली. १८३९ मध्ये कंपनी सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी हा माणूस लंडनला गेला आणि चौदा वर्षांच्या आसपास तिथे राहून अर्जविनंत्या करत राहिला. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले, तरी रंगो बापूजी मायदेशी परतले ते १८५३ मध्येच, रिकाम्या हातांनी. सनदशीर मार्गाचा असा शेवट पाहिलेल्या माणसाने पुढे उठावाची तयारी केली, यात मला नवल वाटत नाही. बेत फुटला, धरपकड झाली. रंगो बापूजी निसटले ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

तिथून आम्ही गेंडामाळावर गेलो. सप्टेंबर १८५७ मध्ये इथे सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी आणि सहा जणांना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. हे सांगून होताच मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, “बाई, मारायचंच होतं, तर तीन तऱ्हांनी कशाला?”

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. मी सांगितले, की ही शिक्षा मेलेल्यांपेक्षा जिवंत राहिलेल्यांसाठी अधिक होती. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचे धड अंत्यसंस्कारालाही हाती लागत नसे, आणि त्याची धास्ती लोकांच्या मनात बसावी असाच त्यामागे हेतू असे. वर्गात एरवी सतत चुळबुळ करणारी मुले खाली मातीकडे पाहत होती. त्याच मुलीने मग वही उघडली. शेवटच्या रकान्यात तिने ‘हो’ लिहिले आणि त्यापुढे, रकान्याची रेघ ओलांडून, ‘इथेच. पाच, सहा, सहा.’

परतताना एका मुलाने तक्रारीच्या सुरात विचारले, की माणसे मेली इथे, मग आपण आधी तिकडे का गेलो? वाट सोयीची म्हणून, एवढेच माझे कारण होते आणि ते त्याला पटले नाही. मलाही पटले नाही. स्मारक कुठेही उभारता येते आणि चार भिंतींसारखी उंचावरची, सर्वांना दिसणारी जागा त्यासाठी योग्यच आहे. पण जिथे प्रत्यक्ष रक्त सांडले, त्या जमिनीवर उभे राहून तीच हकीकत ऐकताना मुले वेगळे प्रश्न विचारतात, हे मी त्या दिवशी पाहिले. यंदाच्या वेळापत्रकात मी गेंडामाळ पहिल्या तासाला घेतला आहे, आणि रंगो बापूजींची हकीकतही तिथेच सांगणार आहे.