तुम्ही विचारलंत म्हणून: बॉटनीच्या एम.एस्सी.त शिकवतात तरी काय?

लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही बॉटनीत एम.एस्सी. केलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे काय शिकवतात हो? सगळी झाडं ओळखता येत असतील ना तुम्हाला?" परवा एका विद्यार्थिनीच्या आईनेही हेच विचारलं. लेकीच्या प्रवेशाचं चाललं होतं. मी घाईत काहीतरी पुटपुटले, म्हणून आता नीट सांगते.

सगळी झाडं मला ओळखता येत नाहीत. निम्मीसुद्धा नाहीत.

पहिल्या सत्रातली गोष्ट. डिपार्टमेंटच्या मागे कुंपणाला लागून पिवळ्या फुलांचं एक रोप होतं. सरांनी विचारलं, हे काय? लहानपणापासून बघत आलेलं रोप, त्यामुळे मी ठसक्यात म्हटलं, "चिकणा. सिडा." सरांनी फूल खुडलं, माझ्या तळहातावर पालथं ठेवलं आणि खिशातलं भिंग दिलं. "काय दिसतंय?" फुलाचा हिरवा पेला, आणि त्या पेल्याच्या बाहेर तीन बारीक केसाळ पाती. घरची जास्वंद पालथी करून बघा, तिथेही हिरव्या पेल्याखाली असं एक जादा कडं दिसेल. त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. सिडाला ते नसतं. माझा चिकणा निघाला माल्व्हास्ट्रम, अमेरिकेतून इकडे आलेलं तण. सर एवढंच म्हणाले, "नाव सांगायला एवढी घाई कशाला?"

त्यानंतर कुकशी गाठ पडली. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेलं पुस्तक, 1901 ते 1908 या काळात भागाभागाने आलेला. गंमत म्हणजे हा गृहस्थ इंजिनिअर. रेल्वेच्या कामाला भारतात आला, वसईचा लोखंडी पूल बांधला, मग पुण्यात आज जे सीओईपी आहे तिथे प्राचार्य झाला आणि तिथून झाडांत शिरला. त्याच्या पुस्तकात 'की' असते, म्हणजे प्रश्नांची उतरंड. पानं समोरासमोर की एकाआड एक? पुंकेसर सुटे की जुळलेले? अंडाशयात कप्पे किती? ते मोजायला ज्वारीच्या दाण्याहून लहान अंडाशय ब्लेडने आडवा कापायचा. एका पायरीला चुकलात की तासाभराने भलत्याच कुळात पोचता, आणि तसे आम्ही सगळेच पोचलो आहोत.

बरं, एवढं करून मिळालेलं नावही टिकेल याची खात्री नाही. कुककडे बाभूळ अकेशिया अरेबिका. मी पाठ केली ती अकेशिया नायलोटिका. 2005 साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं, 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली. काटे तेच.

पण तुम्ही शिकवतात काय असं विचारलंत, आणि मला सगळ्यात आधी आठवतं ते गाजर. गाजराला चीर पाडायची, तीत ज्वारीच्या पानाचा तुकडा अडकवायचा आणि ओल्या ब्लेडने गाजरासकट चकत्या काढायच्या. वॉच ग्लासमधल्या पाण्यात पन्नास-साठ चकत्या तरंगतात, त्यातली सगळ्यात फिकट, जवळजवळ न दिसणारी, ब्रशने उचलायची. पहिले दोन आठवडे माझ्या चकत्या म्हणजे नुसती कोशिंबीर होती. मग एक दिवस मायक्रोस्कोपखाली दिसलं: प्रत्येक शिरेभोवती मोठाल्या, गच्च हिरव्या पेशींचं कडं. गव्हाच्या पानात शिरेभोवतीच्या पेशी फिक्या असतात. उन्हाचा कडाका वाढला की रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं आणि गव्हाची कमाई वाया जाते. ज्वारी काय करते, तर बाहेरच्या पेशींत दुसऱ्याच विकराकडून कार्बन डायऑक्साइड पकडून घेते आणि या हिरव्या कड्यात नेऊन कोंडते. तिथे तो इतका दाट होतो की रुबिस्कोला चुकायला फारसा वाव उरत नाही. ऊस, मका, बाजरी याच पंथातले. सोलापूरकडची माणसं ज्वारी का लावतात हे मला ठाऊक होतं. ते एका चकतीत दिसेल असं वाटलं नव्हतं.

बाकी पेपर तुम्हाला कुठल्याही विद्यापीठाच्या साइटवर मिळतील. शेवाळं, बुरशी, नेचे, जनुकशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, परिस्थितिकी. संख्याशास्त्रसुद्धा, जे आम्ही सगळ्यांनी रडत केलं. पहाटे उठून कांद्याच्या मुळांची टोकं कापली, बोटं ॲसिटोकार्माइन या रंगाने लाल केली, स्लाइडवर अंगठा दाबताना कव्हरस्लिप फोडल्या, आणि अखेर एका पेशीत सोळाच्या सोळा गुणसूत्रं मोजली.

नोकरीचंही विचारायचं असतं, फक्त उघड कोणी विचारत नाही. नेट-सेट देऊन शिकवणं, बियाणं कंपन्या, केळीची रोपं करणाऱ्या टिश्यू कल्चर लॅब. पगार सुरुवातीला बेताचाच. मुलीला आधीच सांगून ठेवा.

नाशिककडच्या मामांचा प्रश्न मात्र कायम एकच: "द्राक्षावर काय मारू?" औषध सांगणं हा माझा प्रांत नाही. पण पानावर वरून तेलकट पिवळा डाग दिसत असेल, तर पान उलटून पांढरी लव आहे का बघा, एवढं सांगते. असेल तर तो केवडा रोग. हा केवडा आणि द्राक्षावरचा दुसरा रोग भुरी नात्याने एकमेकांपासून फार लांबचे. भुरी खरी बुरशी, केवड्याचा जीव मात्र तपकिरी शेवाळांच्या जवळचा. मामांना यात काडीचा रस नाही.

कालच सोसायटीतल्या काकांनी व्हॉट्सॲपवर एक धूसर फोटो पाठवला. कुंडीत आपोआप उगवलेलं रोप, वर पिवळं फूल. "मॅडम, हे काय?" मी लिहिलं, "काका, मागच्या बाजूने एक फोटो पाठवाल का?"

दहा मिनिटांनी आला. कुंडीचा, मागच्या बाजूने.