399.97 म्हणजे तांबं!

मटेरियल्सवर मशीन लर्निंग शिकायचं म्हटलं की ज्याच्यावर बरेच जण आधी हात साफ करतात तो सुपरकंडक्टरवाला डेटासेट, काम हमिदिये (Kam Hamidieh) या संख्याशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये जपानच्या निम्स या मटेरियल्स संशोधन संस्थेच्या डेटाबेसमधून निवडून काढलेला. 21,263 पदार्थ आणि प्रत्येकाचं क्रिटिकल टेम्परेचर, म्हणजे कितीच्या खाली गेलं की विजेचा रेझिस्टन्स एकदम शून्य.

मजा अशी की मॉडेलला द्यायचा फक्त फॉर्म्युला. त्यातल्या एलिमेंट्सचं वस्तुमान, त्रिज्या, घनता, थर्मल कंडक्टिव्हिटी असे आठ गुणधर्म घ्यायचे, प्रत्येकाचे सरासरी, रेंज वगैरे दहा आकडे काढायचे, वर एलिमेंट किती ते, झाले 81 कॉलम. क्रिस्टलची रचना नाही, क्वांटम नाही, काही नाही, एक्सजीबूस्ट (मशीन लर्निंगची एक तयार पद्धत) लावा आणि साधारण साडेनऊ केल्विन इकडेतिकडे त्या तापमानाचं उत्तर येतं. भारीच ना?

पण मॉडेलला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम कुठला वाटला बघा, थर्मल कंडक्टिव्हिटीची रेंज, म्हणजे सगळ्यात जास्त वजा सगळ्यात कमी. आता उष्णता वाहण्याचा इथे काय संबंध, म्हणून फाइल उघडून त्या कॉलमवरून खाली खाली गेलं की 399.97 हाच आकडा ओळीमागून ओळीत दिसायला लागतो. तांब्याची कंडक्टिव्हिटी 400, ऑक्सिजनची 0.027 च्या आसपास, आणि तीही ऑक्सिजन वायूची, जिचा क्रिस्टलमध्ये बसलेल्या ऑक्सिजनशी काडीचा संबंध नाही. वजाबाकी केली की 399.97. म्हणजे मॉडेल बहुतेक एवढंच विचारतंय की बाबा तुझ्यात तांबं आणि ऑक्सिजन आहे का? असेल तर तू क्युप्रेट, म्हणजे तांबं-ऑक्सिजनवाला सुपरकंडक्टर, तापमान जास्त. हे तर 1987 पासून सगळ्यांनाच माहितीये, यट्रियम-बेरियमवाला 92 केल्विनला सापडला तेव्हापासून.

आणि ती साडेनऊची चूक पण जरा जपूनच घ्या. एकाच क्युप्रेटमध्ये स्ट्रॉन्शियम थोडं कमीजास्त केलेले नमुने वेगवेगळ्या ओळींत आहेत, शिकायला एक भाग आणि तपासायला दुसरा असं रँडम स्प्लिट केलं की बरेच भाऊबंद ट्रेनिंगमध्ये आणि उरलेले टेस्टमध्ये जाऊन बसतात, मग मार्क चांगले पडणारच की! ब्राइस मेरेडिग हे संशोधक आणि मंडळींनी 2018 मध्येच दाखवलंय की अख्खा गटच बाजूला काढून टेस्ट केली तर अंदाज चांगलेच गडगडतात. जास्त तापमानाचे लोखंडवाले सुपरकंडक्टर 2008 मध्ये जपानच्या होसोनोंच्या ग्रुपला सापडले, त्याआधी लोखंड म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीचा शत्रू अशीच समजूत होती, तर 2007 पर्यंतच्या डेटावर शिकलेलं मॉडेल तिकडे बोट दाखवेल असं मला तरी वाटत नाही.

अजून एक, या डेटात जे सुपरकंडक्टर नाहीत ते पदार्थच नाहीत. त्यामुळे साधं मीठ टाकलंत तरी मॉडेल काहीतरी केल्विन सांगणारच, करून बघा हवं तर.