कुट्टनाड: एकाच बांधात भात, मासे आणि बदकं

केरळमधल्या कुट्टनाडला शेती बघायला जायचं असेल तर आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा. भात, मासे, बदकं एकाच खाचरात असतात, पण पाळीपाळीने. पुंजा हे मुख्य पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोड आणलेलं बी फोकून पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापतात. कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांवर बदकं सोडतात. मग पाणी घेऊन बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायची आणि पुढच्या पेरणीआधी मासे काढायचे. मार्चमध्ये गेलात तर कापणी आणि बदकं दोन्ही मिळतात. पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं पाणी दिसतं.

नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट अलप्पुळाला (अलेप्पी) नेते. तिथून हाउसबोट नको, नेडुमुडी किंवा कावालमकडे जाणारी सरकारी प्रवासी बोट धरा. बोट कालव्याच्या पाण्यावर असते आणि बांधापलीकडचं भात त्याहून खाली! समुद्रसपाटीखालची ही शेती एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) 2013 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतली.

बांधावर पेट्टी-परा जरूर बघा. परा म्हणजे लाकडी उभं पिंप, आत फिरणारा पंखा. पेट्टी म्हणजे पाणी बाहेर टाकणारी लाकडी पेटी. उंची फार चढवायची नसते, पाणी मात्र प्रचंड असतं, त्यासाठी हा पंप अगदी योग्य. तो बंद पडला की झिरप्यानेच खाचर भरतं.

काळ्या 'करी' जमिनीत पाण्यावर गंजासारखा तवंग दिसला तर सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते) तपासा, पीएच पट्टी सोबत असू द्या. जमिनीतलं लोह-गंधक हवा लागली की आम्ल होतं, म्हणून खाचर फार सुकू देत नाहीत. भातासाठी हेक्टरी 600 किलो चुन्याची शिफारस आहे: पहिल्या नांगरणीला 350, पेरणीनंतर महिन्याने 250. एकदम सगळा टाकू नका.

इथल्या बदकांच्या दोन जाती, चारा आणि चेंबल्ली. (चारा म्हणजे वैरण नव्हे!) काठी घेऊन होडीतला एक माणूस कालव्यातून अख्खा थवा वळवत नेतो.

आपल्याकडे करून बघणाऱ्यांनी मात्र आकडे सांभाळावेत. तळ्यात हेक्टरी 200 ते 300 बदकं, 5 ते 6 हजार बोटुकली. बोटुकली 10 सेंटिमीटरपेक्षा लहान असली तर बदकंच खाऊन टाकतात. भातातच मासे ठेवायचे तर सुमारे दहावा हिस्सा जागेत मीटरभर खोल चर हवा. पाणी उतरलं की मासे तिथे जमतात. बदकांची पिल्लं लावणीनंतर साधारण 20 दिवसांनी सोडा आणि भात निसवायच्या आत काढा, नाहीतर लोंब्या गेल्याच. विष्ठा जास्त झाली की पाणी गडद हिरवं होतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हा प्राणवायू कमी पडल्याचा इशारा. त्याच दिवशी विष्ठा पाण्यात जाणं थांबवा, ताजं पाणी सोडा. भातावर कीटकनाशक फवारलं तर मासे मरू शकतात. हे जमणार नसेल तर मासे सोडूच नका.

बर्ड फ्लूमुळे 2014 मध्ये इथे बदकांची मोठ्या प्रमाणावर कत्तल करावी लागली, नंतरही साथी आल्या. म्हणून थव्यात शिरू नका, एका दिवसात एकच थवा बघा, बूट साबणाने धुऊन वाळवा. घरी कोंबड्या असतील तर ते बूट खुराड्याकडे नेऊच नका.