राजीनामा दिला होता, मंजूर नव्हता

निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून नेमणुकीचा आदेश आला की आमच्या महसूल खात्यात सहसा कुणाचा चेहरा खुलत नाही. बहुतेकांना धास्ती असते ती मतदानाच्या दिवसाची. मला मात्र छाननीची वाटते. मतदानाला निदान पोलीस असतात, केंद्राध्यक्ष असतात, जबाबदारी वाटून जाते. छाननीला टेबलामागे एकटीनं बसायचं आणि समोरच्या माणसाला तोंडावर सांगायचं, तुमचा अर्ज बाद.

डिसेंबर 2022 मध्ये राज्यातल्या सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या एका तालुक्यात मी तेव्हा नायब तहसीलदार होते. अर्ज ऑनलाइन भरायचे, पण राज्यभर सर्व्हरनं मान टाकली आणि शेवटच्या दिवशी, 2 डिसेंबरला, राज्य निवडणूक आयोगानं कागदावरचे अर्जही घ्यायला सांगितलं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत नुसती झुंबड. त्यामुळे सोमवारी, 5 तारखेला, छाननीला बसले तेव्हा समोर निम्मे छापील आणि निम्मे हातानं खरडलेले अर्ज होते.

पहिल्या दोन गावांचं काम भराभर उरकलं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये अपात्रतेची कारणं आहेत. 2001 नंतरचं तिसरं अपत्य, घरपट्टीची थकबाकी, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, पंचायतीच्या कामात ठेका. गावोगावच्या पुढाऱ्यांना ही पाठ असतात, आपल्यासाठी कमी आणि समोरच्यासाठी जास्त. याच यादीत आणखी एक आहे: सरकारचा किंवा स्थानिक संस्थेचा नोकर असलेल्याला उभं राहता येत नाही.

तिसऱ्या गावाला सरपंचपद खुलं होतं. एक उमेदवार त्या गावचा पोलीस पाटील. सकाळी आंब्याच्या कलमांच्या मोहरावर फवारणी करून तसाच आला असावा, शर्टाला औषधाचा उग्र वास येत होता. समोरच्या पॅनेलची लेखी हरकत आली: उमेदवार पोलीस पाटील आहे, अर्ज नाकारावा. हरकत घेणारा त्याच्याच भावकीतला. आमच्याकडे निवडणूक म्हटली की बहुतेक ती भावकीतच होते.

पाटलांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चौघडी घातलेला कागद, राजीनाम्याची पोच. जांभळ्या शाईचा आवक शिक्का, तारीख 24 नोव्हेंबर, त्यातला चार थोडा फिसकटलेला.

"मॅडम, मी राजीनामो दिलंय. शिक्को बघा."

मागून आवाज आला, "दिल्यान म्हणान काय झाला? मंजूर खय झालो?"

सगळा प्रश्न तेवढाच होता. पोलीस पाटलाला नेमतात प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली. राजीनामा मंजूर करायचाही त्यांनीच. हा कागद तहसीलमधून पोलीस ठाण्याच्या अहवालासाठी गेला, तिथून परत आला आणि पुढे सरकलाच नाही. मी प्रांत कार्यालयाला फोन लावला. फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, साहेब निवडणुकीच्या दौऱ्यावर आहेत, असं कळलं.

पाटील थांबले नाहीत. आपण पगारी नोकर नाहीच, हे त्यांचं दुसरं म्हणणं. तेव्हा पोलीस पाटलाला महिना साडेसहा हजार मिळायचे, आणि कागदोपत्री ते मानधन. "ता पण चार म्हयने मेळूक नाय, मॅडम. कसलो सरकारी नोकर मी?"

हॉलमध्ये हशा पिकला. मलाही हसू आलं, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मानधन हे नाव सरकारनं आपल्या सोयीनं दिलेलं आहे. सरकारनं नेमलेला, सरकारी तिजोरीतून पैसे घेणारा, सरकार काढू शकेल असा माणूस हा. त्याच्या नेमणुकीचे तंटेसुद्धा मॅटपुढे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे चालतात, जिथे आमच्यासारख्यांच्या बदल्यांचे चालतात.

आणि पैसे हातात पडले की नाहीत, यावर काही ठरत नाही. खासदाराला सरकारचं लाभाचं पद धरता येत नाही, आणि राज्यसभेच्या खासदार जया बच्चन उत्तर प्रदेशाच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. आपण मानधन घेतलंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. पदाला लाभ जोडलेला आहे का हे पाहायचं, तो उचलला की नाही हे नाही. राज्यसभेची ती जागा गेली. खासदारांसाठीची तरतूद आणि आमचं कलम 14 यांची भाषा वेगळी, हे मान्य. विचार मात्र एकच: ज्याची खुर्ची सरकारच्या मर्जीवर, त्यानं सरकारला जाब विचारायच्या जागी बसू नये.

गावात हे आणखी थेट दिसतं. निवडणुकीच्या तोंडावर गावात कुणावर प्रतिबंधक कारवाई करायची, कोण उपद्रवी, हे पोलीस कुणाला विचारतात? पोलीस पाटलाला. तोच सरपंचपदाचा उमेदवार असेल तर विरोधकांनी काय समजायचं?

एवढं पटूनही माझा हात अडखळत होता, हे खरं. राजीनामा देणं त्याच्या हातात होतं, ते त्यानं वेळेत केलं. मंजुरी दुसऱ्याच्या हातात. म्हणजे ज्या मर्जीतून सुटायला तो निघाला होता, तिनंच त्याला धरून ठेवलं. वरच्या लोकांचं असं अडत नाही. त्याच 2006 मध्ये सोनिया गांधींनी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या पदावरून वाद उठल्यावर खासदारकी सोडली आणि दोनेक महिन्यांत रायबरेलीतून पुन्हा निवडून आल्या. मग संसदेनं खासदारांच्या अपात्रतेबद्दलच्या 1959 च्या कायद्यात दुरुस्ती करून, ज्यांनी खासदारकी जात नाही अशा पदांची यादी लांबवली, तीही मागच्या तारखेपासून. राष्ट्रपती कलामांनी विधेयक फेरविचाराला परत पाठवलं होतं. संसदेनं ते होतं तसंच पुन्हा मंजूर केलं. पोलीस पाटलासाठी कोण कायदा बदलणार?

पण छाननीत मला संक्षिप्त चौकशीचाच अधिकार. त्या घडीला कागद काय सांगतो ते बघायचं. कागद सांगत होता की पद सुटलेलं नाही. मी अर्जावरच कारण लिहिलं, सही केली आणि वाचून दाखवलं.

पाटलांच्या पॅनेलला उट्टं काढायचंच होतं. लगेच त्यांची हरकत, समोरच्या पॅनेलमधल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांवर. "ह्ये गुरुजी म्हयन्याक सरकारचा पेन्शन घेतत, ते कशे चलतत?" गुरुजी खुर्चीवरून अर्धे उठले. पेन्शन म्हणजे केलेल्या नोकरीचा मोबदला, आज हातात पद नाही, सरकार त्यांना कशावरून काढणार? हरकत फेटाळली. आणखी एक आली, अमकीचा नवरा जिल्हा परिषदेत आहे. नोकर नवरा आहे, ती नाही. तीही फेटाळली. तोवर दोन वाजले होते आणि चहावर साय धरली होती.

संपल्यावर पाटील एकटेच टेबलापाशी आले. आदेशाची नक्कल हवी होती. मी सांगितलं, माझ्या निर्णयावर अपील नाही. निकाल जाहीर झाल्यावर 15 दिवसांत कलम 15 खाली दिवाणी न्यायाधीशांकडे जाता येईल. त्यांनी मान हलवली. कोर्टाच्या पायऱ्या चढणारा तो माणूस नव्हता, आणि बागेत मोहरावर तुडतुड्याची कीड पडली होती.

मग मी एक सांगितलं, जे सांगायला मी बांधलेली नव्हते. राजीनामा मंजूर नाही म्हणून तुमचा अर्ज गेला. पण मंजूर नाही म्हणजे तो मागेही घेता येतो. आज-उद्यात सही झाली तर सरपंचपदही नाही आणि पाटीलकीही नाही.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पोचपावती पिशवीत घालून तडक बाहेर. नंतर कळलं, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून पाच वाजायच्या आत प्रांत कार्यालयात पोचले आणि राजीनामा मागे घेतल्याचा अर्ज दिला. पदावर असताना उमेदवारी अर्ज भरल्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. खुलासा दिला, समज देऊन प्रकरण मिटलं.

18 तारखेला मी मतदान केंद्रांवर फिरत होते. त्या गावच्या शाळेबाहेर शंभर मीटरच्या रेषेवर बंदोबस्ताला पोलीस पाटील हजर. हरकत घेणारा भाऊबंद मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा घोळका घेऊन आला, तर पाटलांनी त्याला रेषेपाशीच अडवलं: "मतदारांका सोड, तू हयसर थांब." तो थांबला.

सरपंचपदाला पाटलांच्या चुलतभावाचा डमी अर्ज होता, तोच शेवटी खरा ठरला आणि निवडून आला. पेन्शनवाले गुरुजीही सदस्य झाले. कोर्टात कुणी गेलं नाही. जानेवारीत पाटील एकदा तहसीलला दिसले. मला वाटलं निवडणुकीचं काही असेल. त्यांनी वाकून हळूच विचारलं, "मॅडम, ता चार म्हयन्याचा मानधन खय अडाकला हा, जरा बघशात?"