आत्येची राजवाड्यातली पर्स

आमच्या आत्येकडे एक पर्स आहे. गर्द मरून मखमल, त्यावर जरीच्या वेली, मधोमध मोर आणि वर पितळी खटका. घरात कुणाचं लग्न ठरलं की ती डब्यातून निघते, चारजणींच्या हातांतून फिरते आणि परत डब्यात जाते. "राणीसायबांनी आजयेक दिलेली ती," हे वाक्यही पर्सबरोबर त्याच डब्यातून निघतं.

गोष्ट अगदीच हवेतली नाही. सावंतवाडी म्हटलं की आपल्याला लाकडी खेळणी आणि गंजिफाचे गोल पत्ते आठवतात. पण 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या संस्थानातले धंदे सांगताना आधी आलंय ते कातड्यावरचं आणि कापडावरचं सोन्याचांदीच्या जरीचं भरतकाम. मग वाळ्याचे पंखे आणि पेट्या, त्यांवर जर आणि किड्यांचे चमकते पंख लावलेले. म्हणजे आमच्या वेंगुर्ल्यापासून तासाभराच्या वाटेवर असं काम खरोखर होत होतं. आत्येच्या आजीचा, म्हणजे माझ्या पणजीचा काळही जुळतो. शंका घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

माझं फॉल-पिकोचं दुकान. एकदा कुणाचीतरी मण्यांची पर्स दुरुस्त करून दिली आणि तेव्हापासून गावातल्या जुन्या पर्सा माझ्याकडे येतात. येताना प्रत्येक पर्स शंभर वर्षांची असते. बोटीवर काम केलेल्या एका आजोबांच्या घरची मण्यांची पर्स अशीच "ब्रिटिशांच्या वेळची" म्हणून आली होती. आत पट्टी होती, 'मेड इन ब्रिटिश हाँगकाँग'. ब्रिटिश खरे, पण हाँगकाँगचे, आणि ते तिथे 1997 पर्यंत होते.

या मे महिन्यात आत्येच्या पर्सचं अस्तर उसवलं. पाऊस लागायच्या आत शिवून दे म्हणाली.

मी आधी मोराकडे बघतच नाही. मोर, कुयरी, वेल शंभर वर्षं तेच आहेत; नक्षीवरून साल सांगणारा माणूस बहुधा विकायला बसलेला असतो. बघायचं ते कारागिराने जिथे फारसं लक्ष दिलेलं नसतं तिथे: अस्तर, पुठ्ठा, चेन, टाक्यांचा दोरा.

पर्सवर आडवा एक काळा पट्टा होता. खटका सैल झाल्यावर आत्येने कित्येक वर्षं त्यावर रबर लावून ठेवलेलं. रबरात गंधक असतं, ते चांदीला काळं करतं. माझं मन लगेच राजवाड्याकडे धावलं. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. पण मोराच्या पिसाऱ्यात एका ठिकाणी दबक्याचं टोक तुटलं होतं. दबका म्हणजे तारेची बारीक स्प्रिंग. ते टोक भिंगाखाली धरलं तर आत लाल. तांबं. वर नुसता चांदीचा हात फिरवलेला, तोच रबराने काळा पडला होता. पर्स जिथे दुमडते तिथे हिरवट गंजही दिसला; आपल्या खाऱ्या हवेत तांब्याचं तेच होतं. वेलीतल्या जरीचा गाभा उलगडून पाहिला, सुती निघाला.

तांब्याच्या जरीने साल ठरत नाही, राणी मात्र थोडी लांब गेली.

आतल्या छोट्या कप्प्याला चेन होती, धातूच्या दातांची, गंजून अर्ध्यात अडकलेली. आज जशी लागते तशी चेन 1913 ते 1917 च्या दरम्यान अमेरिकेत तयार झाली, आणि नायलॉनची सर्रास दिसायला लागली ती 1960 नंतर. पण चेनवर डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही, कारण चेन बदलता येते. मी स्वतः शेकड्यांनी बदलल्या आहेत. बदललेली असेल तर कापडावर जुन्या टाक्यांची रिकामी भोकं राहतात. इथे भोकांची ओळ एकच होती. म्हणजे चेन पहिलीच.

अस्तर पूर्ण उसवल्यावर बाजूच्या शिवणीत दुमडलेली एक कापडी पट्टी सापडली. दुकानाचं नाव झिजलेलं, खाली 'बॉम्बे 2' एवढंच उरलेलं. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. त्याआधी मुंबईचा पत्ता असाच, एक-दोन आकड्यांवर भागायचा. जुना पट्ट्यांचा गठ्ठा एखादा दुकानदार संपेपर्यंत वापरणार, हे धरूनच चालायचं, पण साधारण कड मिळाली.

दुसरी कड पुठ्ठ्याने दिली. मखमलीला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला खळीने चिकटवलेला मराठी पेपराचा तुकडा. वितभर लांब, दोन बोटं रुंद. कसल्यातरी तेलाच्या जाहिरातीचं शेपूट: 'किंमत 75 न. पै.' मी तुकडा खिडकीपाशी नेऊन परत वाचला. नवे पैसे! आणे जाऊन दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 ला, आणि 1964 मध्ये त्यांच्यातलं 'नवे' गळलं. रद्दी दोन-चार वर्षं पडून राहू शकते, पण छापायच्या आधी तर पर्समध्ये जाऊ शकत नाही. आणि पुठ्ठा पहिलाच होता. जरीच्या टाक्यांचं उलट अंग त्याच खळीने त्याला चिकटलेलं.

म्हणजे 1957 नंतरची, बहुतेक साठीतली, मुंबईच्या दुकानातली. पणजी तर 1957 च्या कितीतरी आधी गेलेली.

पेपराचा तुकडा आणि पट्टी होती तिथेच ठेवून अस्तर शिवलं. रबर फेकलं. प्लास्टिकची पिशवीही काढून टाकली, पावसाळ्यात आत बुरशी धरते ती तिच्यामुळेच. जुन्या धुवट सुती धोतरात पर्स गुंडाळली. आत्येला सगळं सांगितलं. ती ओसरीवर काजूबिया निवडत होती, हात थांबले नाहीत.

"बॉम्बे दोन म्हंजे खंय गो?"

"काळबादेवी, आत्ये."

थोडा वेळ नुसता बियांचा आवाज.

"दादा तेवा काळबादेवीक कामाक व्हतो. माज्या लगनाक आयलो तो बोटीन." मग एक किडकी बी उचलून बाजूला टाकली. "ह्या कोणाक सांगा नको."

आत्ये मोबाईलवर फक्त डबलबारी, म्हणजे भजनांचे सामने, बघते, म्हणून हे लिहायचं धाडस.